येसूबाईची पाण्याची गारगोटी

सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान सोलापुरात जी पोरं भूशास्त्र शिकली, त्यांना आज आपल्या प्राध्यापकांची नावं आठवायला डोकं खाजवावं लागतं. येसूबाईचं नाव मात्र विचारायच्या आत तोंडावर येतं. ती प्राध्यापक नव्हती, हे सांगायला नको. शाळेची पायरीही तिनं कधी चढली नव्हती. वळसंगच्या रस्त्याला एका दगडखाणीत ती खडी फोडायची. अंगानं काटक, आवाज खर्जातला, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायमचं काळंनिळं. पोरांनी हाताळलेले निम्मेअधिक नमुने तिच्या हातोडीखालून आलेले असत. कॉलेजच्या नोंदवहीत मात्र तिचं नाव सहजासहजी चढलं नाही, आणि ते कसं चढलं हीच सांगण्यासारखी गोष्ट आहे.

ही गोष्ट जशी येसूबाईची, तशीच शिवपुत्र सरांचीही. सर म्हणायचं ते आपलं मानाचं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा, अक्कलकोटकडचा, घरात आईशी कन्नड आणि वर्गात पुस्तकी मराठी बोलणारा तात्पुरता शिक्षक होता. दर जूनला त्याच्या हातात वर्षभराच्या नेमणुकीचा कागद पडायचा आणि दर एप्रिलला त्याची झोप उडायची. आई, रुद्राणीअव्वा, रोज पूजेला बसली की मुलाची नोकरी कायम होऊ दे म्हणून मागायची. देवावर टांगलेल्या तांब्याच्या भांड्यातून थेंब थेंब पाणी लिंगावर पडत राहायचं आणि शिवपुत्रला ते बघून मनातून चीड यायची. दगड म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, असा त्याचा समज होता. नव्यानं शिकलेल्या माणसाला हा ताप असतोच.

दुष्काळाचं साल होतं, बहात्तर संपून त्र्याहत्तर लागलेलं. सगळा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता. ज्यांच्या घरात कधी कुणी हातोडी धरली नव्हती, त्या बायकासुद्धा पोत्याच्या सावलीला ओळीनं बसून दगडावर घाव घालत होत्या. दुपारी खायला सुकडी मिळायची, ती पोरांसाठी पदरात बांधून न्यायच्या. पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. या सगळ्यांत येसूबाई जुनी. तिचा नवरा सोलापूरच्या गिरणीत होता, तो गेल्यावर ती गावाकडं परतली होती आणि दुष्काळ पडायच्या आधीपासून खाणीवरच जगत होती. त्यामुळं नव्या बायकांना दगड कसा धरायचा, बोटं कशी वाचवायची हे तीच शिकवायची आणि शिकवताना भरपूर शिव्याही द्यायची.

तिची एक खोड होती. कुठलाही दगड फोडण्याआधी ती हातोडीनं त्याला हलकेच टिचकी मारायची आणि मान वाकडी करून ऐकायची. भरीव दगड खणकन बोलतो. आतून तडा गेलेला बसकं बोलतो. आणि पोटात पोकळी असली तर असा काही आवाज येतो की तो सांगता येत नाही, ऐकावाच लागतो. तसला दगड हाती आला की येसूबाई तो बाजूला ठेवायची. दुपारच्या सुट्टीत तो हातात गोल फिरवत बारीक बारीक घाव घालायची आणि दगड बरोबर दोन वाट्यांसारखा उघडायची. आत पांढरे, कधी हिरवट, कधी पिवळसर झाक असलेले स्फटिक गच्च भरलेले असायचे. मुकादम ओरडायचा, कारण त्याला खडीशी मतलब. ती म्हणायची, "सुट्टी माजी हाय. तुजी न्हाय."

जानेवारीत शिवपुत्र वीस-बावीस पोरं घेऊन त्या खाणीवर आला. पोरांना ओळीत उभं करून त्यानं समजावायला सुरुवात केली. हा सगळा काळा दगड एके काळी पातळ होता, जमिनीच्या भेगांतून उकळत वर आला आणि मैलोगणती पसरला. थंड होताना त्याच्यात वाफेचे बुडबुडे अडकले. दगड घट्ट झाला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. मग त्या पोकळ्यांत स्फटिक आले कुठून? तर पाण्यातून. पाणी दगडातून झिरपताना दगडाचा काही अंश विरघळवून सोबत नेतं आणि पोकळीत शिरल्यावर तो अंश भिंतीवर थरावर थर बसत जातो. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात, दोऱ्याभोवती खडे धरतात, तसंच हे. फक्त इथं एक थर धरायला किती हजार वर्षं लागतात त्याचा हिशेब नाही.

पोरं वहीत लिहीत होती. चार हातांवर येसूबाई हातोडी खाली ठेवून ऐकत होती. सर थांबले तशी तिनं विचारलं, "मास्तर, दगडाला तर भोक दिसत न्हाय. मग पानी आत शिरलं कसं?"

पोरं हसली. शिवपुत्रला मात्र प्रश्न आवडला, कारण तो वर्गात कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक छिद्रं असतात दगडात. तुमच्या हातातल्या दगडाला ही जी गारगोटीची साल दिसते ना, तिच्यातसुद्धा असतात."

"हिच्यातबी?"

"हिच्यातसुद्धा."

येसूबाईनं हातातली दगडाची वाटी उन्हात धरली, उलटसुलट केली आणि खाली ठेवली. मग रॉकेलच्या एका जुन्या डब्यातून तिनं साठवलेल्या सगळ्या गारगोट्या पोरांपुढं ओतल्या. शिवपुत्र खाली बसून एकेक उचलून बघू लागला. कॉलेजच्या कपाटांत इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते या बाईच्या डब्यात होतं. त्या दिवसापासून तो दर रविवारी सायकल मारत खाणीवर जाऊ लागला. ती निवडून ठेवायची, तो नावं सांगायचा. इंग्रजी नावं तिला पाठ व्हायची नाहीत, तिनं आपली ठेवली होती. पंख्यासारखे पसरलेले स्फटिक म्हणजे कोंबडीची शेपूट, आणि चौकोनी चकचकीत म्हणजे बर्फी. पुढं कित्येक वर्षं पोरं तोंडी परीक्षेत चुकून बर्फी म्हणून जायची.

तेच दिवस सरांना पुढं जन्मभर आठवत राहिले. पोत्याच्या सावलीत बसून काळा चहा पिणं, शेजारी हातोड्यांचा ताल, आणि ही बाई एकेक दगड उचलून विचारतेय, ह्याच्यात पानी आधी आलं का हिरवं आधी आलं. इतकं सरळ कुतूहल पुढं त्यांना क्वचित भेटलं.

फेब्रुवारीत एका रविवारी तो गेला, तर येसूबाई कामावर नव्हती. मीनाबाई नावाची तिची शेजारीण होती, तिनं सांगितलं, "घरला हाय. तिला पान्याचा दगड घावलाय. आमी समद्यांनी कानाला लावून बगितला."

झालं होतं असं की गुरुवारी येसूबाईच्या हाती नारळाएवढी एक गारगोटी लागली. टिचकी मारली तर आवाज ना भरीव ना पोकळ. बाजारात नारळ घेताना बाई जशी कानाशी धरून हलवते, तशी तिनं ती हलवली. आत पाणी बोललं. तिनं पुन्हा हलवली. मग मीनाबाईच्या कानाला लावली, मग जगदेवीच्या, मग ओळीतल्या सगळ्यांच्या. पाण्यासाठी तीन दिवस वाट बघणाऱ्या त्या बायका हातोड्या टाकून एका दगडातलं पाणी ऐकत बसल्या. मुकादमानंही ऐकलं आणि त्या दिवशी तो कुणावर ओरडला नाही.

शिवपुत्र धावतच तिच्या घरी गेला. एका खोलीचं पत्र्याचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात विटेवर मातीचं गाडगं, आणि गाडग्यात पाण्यात बुडवून ठेवलेली ती गारगोटी. ती पाण्यातून काढून येसूबाईनं त्याच्या हातात दिली. त्यानं कानाशी नेली आणि त्याच्या अंगावर काटा आला. पाणी होतं. स्वच्छ ऐकू येत होतं. ज्या वेळी माणूस नव्हता, गाय नव्हती, भीमा नदी नव्हती, त्या वेळचं कुठलंसं पाणी झिरपत येऊन आत कोंडलं गेलं होतं आणि ते आज त्याच्या कानाशी हलत होतं.

आता इथं सरांच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर त्यांची बाजू न मांडल्याचं पाप माझ्या माथी येईल. एप्रिलअखेर विद्यापीठाची समिती कॉलेज तपासायला येणार होती. भूशास्त्र विभागाचे हेडसर त्याला म्हणाले होते, "शिवपुत्र, एखादा डोळ्यांत भरणारा नमुना दाखवा. मग तुमची जागा कायम करायची शिफारस मला जोरात करता येईल." पाणी असलेली गारगोटी त्यानं फक्त पुस्तकात वाचली होती, तीही दोन ओळींत. ती आता त्याच्या हातात होती.

"येसूबाई, हा दगड कॉलेजला द्या," तो म्हणाला. "काचेच्या कपाटात ठेवू. लांबून लांबून लोक बघायला येतील."

तिनं त्याच्या हातातल्या दगडाकडं बघितलं. मग म्हणाली, "आमच्या बाया रोज कानाला लावत्यात. जिवाला बरं वाटतं त्यास्नी. पन हितं ऱ्हायला तर कोन तरी फोडंल. न्या तुमी. काम सुटलं की मी समद्यांना घेऊन ईन बगाया."

"या की. माझा शब्द."

"आन पान्यात ठिवा बरं का, मास्तर. वर ठिवू नगा. कारन काय—"

"हो, हो. ठेवतो." त्यानं तिला पुरं बोलूच दिलं नाही.

कारण त्याला वाटलं, त्याला सगळं समजलंय. कोपरा, वीट, गाडगं, पाण्यात ठेवलेला दगड. रोज सकाळी अव्वाच्या पूजेत हेच तर तो बघत होता. तो हसत म्हणाला, "शेवटी तुम्हीपण दगडाला अभिषेक सुरू केलात म्हणायचा."

येसूबाईच्या कपाळावर आठी चढली. "आमी छप्पन सालीच देव हिरीत सोडले, मास्तर. माज्या सासऱ्यानं सोताच्या हातानं सोडले. दगडाची पूजा करनारी न्हाय मी."

त्यानं मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. माणसं तोंडानं एक म्हणतात आणि कोपऱ्यात दुसरंच करतात, असं मनाशी म्हणून त्यानं गारगोटी पिशवीत घातली. शिवाच्या घरात वाढलेल्या माणसाला दगडावर पाणी दिसलं की पूजाच दिसते. त्या गाडग्यातलं पाणी ती संध्याकाळी शेळीला पाजायची आणि सकाळी आपल्या वाट्यातलं पुन्हा भरायची, हे त्याला विचारताच कळलं असतं. शेळी दाराशीच बांधलेली होती. पण बघायचं नाही म्हटलं की काहीच दिसत नाही.

कॉलेजात त्यानं गारगोटीचा थाट केला. संग्रहालय म्हणजे चार काचेची कपाटं असलेली एक खोली, वर पत्रा. मधल्या कपाटात कापसाची गादी, तिच्यावर गारगोटी, मागं बल्ब. त्याआधी दगड घासायच्या यंत्रावर तिची एक बाजू घासून घासून त्यानं पातळ केली आणि चकचकीत चेहरा काढला. बल्ब लावला की त्या खिडकीतून आत पाण्याचा बुडबुडा इकडून तिकडं सरकताना दिसायचा. हेडसर खूश झाले. पोरं रांग लावून बघून गेली. नोंदवहीत त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जलयुक्त गारगोटी, वळसंग परिसर', आणि मिळवणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. तिथं दुसरं नाव लिहावं हे त्याच्या मनातही आलं नाही. मग कपाटाला कुलूप लावलं, परीक्षांची कामं आली, आणि महिनाभर खोली तापत राहिली. सोलापूरचा एप्रिल ज्यानं पत्र्याखाली काढलाय त्याला जास्त सांगायला नको.

समिती आली. तीन गृहस्थ, तिघांनाही घाम फुटलेला. हेडसरांनी त्यांना सरळ मधल्या कपाटाशी आणलं आणि शिवपुत्रला खूण केली. त्यानं बल्ब लावला. बुडबुडा दिसेना. त्यानं कुलूप उघडलं, गारगोटी काढली, समितीतल्या वयस्क गृहस्थांच्या कानाशी धरून हलवली. ते म्हणाले, "काही नाही." त्यानं स्वतःच्या कानाशी धरली. पुन्हा हलवली. दगड मुका झाला होता.

त्या क्षणी खरं बोलायला दोनच वाक्यं पुरली असती. पाणी होतं, मी ऐकलंय. आता का नाही, ते मला कळत नाही. पण समोर तीन अनोळखी चेहरे, बाजूला हेडसर, आणि घरी अव्वा. तो म्हणाला, "खाणीवरच्या एका बाईनं दिला होता. पाणी आहे असं तिनंच सांगितलं. माझी फसगत झाली."

समितीतले गृहस्थ हसून म्हणाले, "असं होतं. ही माणसं काहीही सांगतात." मग ते बाकीची कपाटं बघून चहाला गेले. हेडसरांनी शाई घेऊन नोंदवहीतला 'जलयुक्त' हा शब्द खोडला. शिफारशीचं मात्र ते म्हणाले की बाकी संग्रह चांगला झालाय, जूनमध्ये कागद पाठवू. म्हणजे त्या खोट्यानं सरांचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते आत. रात्री जेवताना अव्वानं विचारलं, "एनायितप्पा?" काय झालं रे म्हणून. त्यानं काही नाही म्हटलं आणि ताटावरून उठला. त्यानंतर तो एकाही रविवारी खाणीवर गेला नाही. सायकल पंक्चर आहे, ऊन फार आहे, पेपर तपासायचेत, अशी कारणं तो कुणी न विचारता स्वतःलाच देत राहिला.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. कामं बंद झाली आणि बायका आपापल्या शेतावर, घरी परतल्या. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी संग्रहालयाच्या दारात येसूबाई उभी राहिली. मागं मीनाबाई, जगदेवी आणि आणखी तिघीजणी. सगळ्यांनी धुवट लुगडी नेसलेली, चपला हातात घेतलेल्या, कारण फरशी पुसलेली होती. कॉलेज आतून त्यांनी कधी बघितलं नव्हतं. हेडसर खिडकीशी मेजावर कागद चाळत बसले होते, आणि त्या कागदांत शिवपुत्रच्या शिफारशीचाही कागद होता, जून सरला तरी सही व्हायचा.

"आले बगा, मास्तर," येसूबाई म्हणाली. "बोलले हुते न्हवं."

शिवपुत्रनं हसायचा प्रयत्न केला. तिनं कपाटांवरून नजर फिरवली आणि मधल्या कपाटाशी थांबली. कापूस बघितला, बल्ब बघितला. तिचा चेहरा बदलला. तिनं हात पुढं केला, त्यानं कुलूप काढून गारगोटी दिली. तिनं कानाशी धरून हलवली. मग दुसऱ्या कानाशी. मीनाबाईनं विचारलं, "काय ग?" येसूबाईनं गारगोटी तिच्याकडं दिली. ती एकेकीच्या कानाला लागून परत आली.

हेडसरांना काय चाललंय कळलं, त्यांनी मान वर केली. "बाई, त्यात पाणी नव्हतंच कधी. आमच्या सरांना कुणा खाणीवरच्या बाईनं फसवलं."

खोलीत सहा बायका उभ्या होत्या आणि सहाही जणींनी ते पाणी ऐकलं होतं. येसूबाईनं हेडसरांकडं बघितलंच नाही. ती शिवपुत्रकडं बघत होती. "मास्तर, सांगा की त्यास्नी," ती म्हणाली. तो काचेकडं बघत राहिला. मेजावरचा तो एक कागद त्याला तिकडं पाठ असूनही दिसत होता.

तिनं गारगोटी हातात उलटसुलट केली. मग म्हणाली, "पानी द्या जरा."

त्याला वाटलं तिला तहान लागली. त्यानं प्रयोगशाळेतून काचेचं मोठं भांडं भरून आणलं. येसूबाईनं ते मेजावर ठेवलं, हेडसरांच्या कागदांपासून दोन वितींवर, आणि गारगोटी अलगद पाण्यात सोडली. सगळे वाकले. काही क्षण काहीच झालं नाही. मग गारगोटीच्या अंगातून एक बारीक बुडबुडा सुटला. त्याच्या मागं दुसरा. मग सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची सरळ माळ लागली. दगडाच्या बाकीच्या अंगातून क्वचित एखादा सुटत होता. माळ निघत होती ती एकाच जागेतून, सरांनी घासून चकचकीत केलेल्या त्या खिडकीतून.

येसूबाईनं तिथं बोट ठेवलं. "हितनं गेलं पानी," ती म्हणाली. "तुमीच सांगितलं हुतं न्हवं, गारगोटीलाबी बारीक भोकं आसत्यात. जितनं शिरलं तितनं निघंल की. म्हनून पान्यात ठिवा म्हनले. हितं कुनी घासलं?"

हेडसर खुर्चीतून उठून भांड्याशी आले होते. पन्नाशी उलटलेला तो माणूस चष्मा वर करून बुडबुडे बघत होता आणि त्याला दगडातलं कळत होतं. शिवपुत्रनं ओळखलं, आता आपण गप्प राहिलो तरी चालेल. यंत्रावर कुणी घासलं, पोरांनी की शिपायानं, हे कोण विचारणार होतं? फसवणारी बाई समोरच उभी आहे, हेही हेडसरांना माहीत नव्हतं. कागदावर सही झाली असती.

"मी," तो म्हणाला.

मग थांबता आलं नाही. "मी घासलं. या बाईंनी मला पाण्यात ठेवा म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं पूजा आहे, म्हणून ऐकलं नाही. आणि सर, पाणी होतं. मी या कानांनी ऐकलंय. समितीपुढं मी खोटं बोललो. यांनी मला फसवलं नाही."

येसूबाई हळूच म्हणाली, "म्हंजी ती बाई मी व्हय." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. त्यानं मान खाली घातली आणि पुस्तकी मराठी विसरून म्हणाला, "व्हय."

हेडसरांनी मेजावरच्या कागदांतला शिफारशीचा कागद काढून खणात ठेवला आणि खण लावून घेतला. त्यांनी नोंदवही उघडून शिवपुत्रपुढं सरकवली. त्यानं मिळवणाऱ्याच्या रकान्यातलं आपलं नाव खोडलं आणि येसूबाईचं लिहिलं. 'जलयुक्त' या खोडलेल्या शब्दावर पेन टेकवलं, पण काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो तसाच राहू दिला. येसूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलंही नाही. बायकांना म्हणाली, "चला, यस्टी जाईल." दारात वळून त्याला एवढंच म्हणाली, "पानी बदलत जावा."

त्या वर्षी जागा दुसऱ्याला मिळाली. शिवपुत्र आणखी पाच वर्षं तात्पुरताच राहिला आणि शेवटी सांगोल्याच्या एका हायस्कुलात लागला. अव्वा बरेच दिवस अबोला धरून होती. सरांना मात्र ती पाच वर्षं आयुष्यातली सगळ्यांत सुखाची वाटतात. त्यांनी दोन रविवार धीर गोळा केला आणि तिसऱ्या रविवारी खाणीवर गेले. येसूबाईनं त्यांना बसायला पोतं दिलं आणि नव्या दगडांचं बोलायला लागली. माफ केलं का नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. पण दर हिवाळ्यात पोरांची तुकडी आली की ती आपली हातोडी त्यांच्या हाती द्यायची आणि आधी ऐका, मग मारा, म्हणून बजावायची.

पाण्याचं भांडं मधल्या कपाटातच राहिलं. त्या पाच वर्षांत सर रोज सकाळी पाणी बदलायचे. दगड काही बोलला नाही. येसूबाई संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात आली की न चुकता कॉलेजात यायची, चपला दाराशी काढायची, हात पुसून गारगोटी उचलायची आणि कानाशी धरून हलवायची. सर शेजारी उभे राहायचे. ती बराच वेळ ऐकायची, मग गारगोटी परत पाण्यात ठेवायची आणि पदरानं हात कोरडे करत म्हणायची, "आजून न्हाय."